पोह्यांत स्टार्च सापडला!

आमच्या घरात नाश्ता खाण्याआधी त्याचा पंचनामा होतो. पंच म्हणजे मी, माझी बायको आणि आई. पंचनामा करणारे आमचे साडू. बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान, म्हणून सगळं घर त्यांना दाजी म्हणतं. दाजी सरकारी नोकरीतून निवृत्त झाले. कुठल्या खात्यातून, ते सांगत नाही. त्या खात्याचा अन्नाशी संबंध चहापाण्यापुरताच होता. निवृत्त झाल्यावर जालन्यातला माणूस एक तर देवधर्माला लागतो, नाही तर प्लॉटिंगच्या धंद्याला. दाजी भेसळीला लागले. म्हणजे, पकडायला.

ते राहतात मागच्याच गल्लीत. सकाळी फिरून झालं की पिशवी घेऊन थेट आमच्या स्वयंपाकघरात. पिशवीत आयोडीनची बाटली, भिंग, काचेचे दोन ग्लास, टिपकागद आणि कापसाचे बोळे. देशातलं अन्न सुरक्षित आहे की नाही हे बघणारी एफएसएसएआय म्हणून जी संस्था आहे, तिनं घरच्या घरी भेसळ ओळखायच्या युक्त्या सांगणारी ‘डार्ट’ नावाची पुस्तिका काढली आहे. पुस्तिका चांगली आहे. दाजींच्या हाती लागली, एवढंच वाईट झालं.

पनीर, खवा, दूध यांत स्टार्च मिसळला असेल तर आयोडीनचे दोन थेंब टाकले की ते निळं पडतं, असं त्यात लिहिलंय. दाजींनी ‘पनीर, खवा, दूध’ एवढे शब्द गाळून बाकीचं पाठ केलं. पहिल्याच दिवशी माझ्या पुढ्यातल्या पोह्यांवर थेंब पडले. पोहे बघता बघता निळे-जांभळे झाले.

“स्टार्च!” दाजी खुर्चीतून उठलेच. “सापडला! साडूभाऊ, हात लावू नका.”

“अहो दाजी, पोह्यांत स्टार्च नाही तर काय मटण असणार?” बायको म्हणाली.

“हे असं हसण्यावारी नेता म्हणूनच भेसळ करणाऱ्यांचं फावतं.”

मी त्या दिवशी उपाशीपोटी ऑफिसला गेलो आणि वाटेत गाड्यावर भजी खाल्ली. भजीचं तेल कालचं होतं की परवाचं, हे विचारायला तिथे दाजी नव्हते, म्हणून ती फार गोड लागली. भजी वर्तमानपत्रात बांधून मिळाली होती. छापील शाईत नको ती रसायनं असतात, गरम तेलकट पदार्थ त्यात गुंडाळू नका, असं एफएसएसएआय 2016 पासून सांगतेय. खाऊन झाल्यावर सवयीनं कागद वाचायला घेतला, तर तो ‘वाचकांची पत्रे’चा निघाला. डाव्या कोपऱ्यात दाजींचंच पत्र होतं: ‘प्रशासनाने उघड्यावरील खाद्यपदार्थांविरुद्ध पारदर्शक कारवाई करावी.’ पत्र मात्र पूर्ण पारदर्शक झालं होतं.

दुधाचा विषय निघाला तेव्हा गवळ्यानंच दाजींना गप्प केलं. दाजींनी दुधाचा थेंब गुळगुळीत, तिरक्या फरशीवर टाकला. शुद्ध दूध हळूहळू, मागे पांढरी रेघ ठेवत उतरतं आणि पाणी घातलेलं दूध रेघ न ठेवता पळतं. आमचं दूध पळालं.

“पाणी घालतोस का रे?”

“दाजी,” गवळी किटली खाली ठेवत म्हणाला, “नळ किती दिसांनी येतो तुमच्या गल्लीत?”

दाजी गप्प. ज्यांना जालना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो: आमच्याकडे नळाला पाणी आलं की लोक एकमेकांना फोन करून कळवतात. घाणेवाडीचा तलाव आटला की पैठणच्या जायकवाडीकडे डोळे लावून बसायचं, आणि 2013 च्या दुष्काळात तर टँकर दिसला की वरातीसारखी गर्दी मागे लागायची. अशा गावात दुधात पाणी घालणारा माणूस म्हणजे उधळ्याच म्हणायचा. गवळ्यानं तेच सांगितलं, “पाणी विकत घेऊन दुधात घालायचं मला परवडत नाही. पाण्यात दूध मिसळलं म्हणा हवं तर.” दाजींनी वहीत ‘गवळी : संशयास्पद, परंतु मुद्दा रास्त’ अशी नोंद केली.

दाजींबरोबर किराणा आणायला जाणं हा तर स्वतंत्र छळ आहे. ते पाकीट उचलतात, भिंगातून हिरवा ठिपका बघतात, परवान्याचा 14 आकडी नंबर मोठ्यानं वाचतात, मग तारीख वाचतात. मागे रांग वाढत जाते. त्यांच्या यादीतलं गाईचं ‘ए-टू’ तूप तर आमच्या महिन्याच्या किराण्याइतकं महाग. 2024 च्या ऑगस्टमध्ये एफएसएसएआयनं आदेश काढला, दुधातुपावर ए-वन, ए-टू लिहून विकू नका. दाजींनी बरणी माळ्यावर टाकली, कंपनीला शिव्या घातल्या, दोन दिवस घरचं लोणी कढवून खाल्लं. पाच दिवसांत एफएसएसएआयनं तोच आदेश मागे घेतला. दाजींनी बरणी माळ्यावरून खाली काढली. मधल्या काळात तिला मुंग्या लागल्या होत्या. “मुंग्या फक्त शुद्धाला लागतात,” असं म्हणून त्यांनी त्याही फुंकून बाजूला केल्या.

साखरेचं तर विचारूच नका. साखरेत खडूची पूड आहे का, हे बघायला ती पाण्यात विरघळवतात. खडू असेल तर तळाशी बसतो. आमच्या ग्लासात काही बसलं नाही. “एकदम शुद्ध,” दाजी म्हणाले आणि चहात तीन चमचे घातले. दाजींना मधुमेह आहे. पण साखर शुद्ध आहे. लोणच्याच्या मिठाचंही तसंच. ब्लडप्रेशरची गोळी ते लोणच्याच्या फोडीबरोबर घेतात, कारण लोणचं घरचं आहे. दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ खा, असं जागतिक आरोग्य संघटना म्हणते. दाजी म्हणतात, ते बाहेरच्या मिठाबद्दल असेल.

आता वांग्याबद्दल. जालना म्हणजे बियाण्यांचं गाव. बद्रीनारायण बारवाले यांनी 1964 मध्ये इथे महिको सुरू केली, पुढे 1998 मध्ये त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. याच महिकोनं बीटी वांगं तयार केलं: फळ आणि शेंडा पोखरणारी अळी ज्यात शिरली की मरते, असं वांगं. 2009 च्या ऑक्टोबरात केंद्राच्या समितीनं त्याला मंजुरी दिली आणि देशभर असं काही रान पेटलं की तेव्हाचे पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी शहरोशहरी जनसुनावण्या घेतल्या. आपल्याकडची नागपूरला झाली. शेवटी 9 फेब्रुवारी 2010 ला त्यांनी वांग्याला स्थगिती दिली. पुढे बांगलादेशानं ते 2014 मध्ये शेतात लावलंसुद्धा. आपल्याकडे स्थगिती ती स्थगितीच.

माझा स्वतःचा याला काही विरोध किंवा पाठिंबा नाही. वांग्यावर जनसुनावणी घ्यायला मंत्री कशाला लागतो, एवढंच मला कळत नाही. आमच्या घरी ती दर आठवड्याला होते. मुलगा विरोधी पक्षात, आई सत्ताधारी, मी तटस्थ निरीक्षक आणि वांगं कायम स्थगितीत. दाजी आले की सुनावणीला वैज्ञानिक बाजू येते.

“मावशी, अळी असलेलंच वांगं घ्या. अळीनं खाल्लं म्हणजे फवारा कमी मारलाय.”

आईनं त्याच वेळी वांग्यातली अळी विळीवर आडवी केली.

“आता तिला मारलं कामून?” दाजी म्हणाले. “साक्षीदार होती ती.”

पण दाजींची खरी कामगिरी म्हणजे तांदूळ. रेशनच्या तांदळात मधूनमधून काही दाणे वेगळे दिसायला लागले. जरा पिवळट, जरा जाड, पाण्यात टाकले की काही वर तरंगणारे. गल्लीत बोभाटा झाला, प्लास्टिकचा तांदूळ आला. मोबाइलवर व्हिडिओही फिरले. भाताचा चेंडू करून आपटला की उसळतो, म्हणजे प्लास्टिकच! दाजींनी ओसरीवर तीच परीक्षा घेतली. चेंडू उसळला, चपलांच्या स्टँडवर गेला आणि मांजरानं खाल्ला. मांजर अजून ठणठणीत आहे. कुठल्याही मऊ भाताचा दाबून गोळा केला तर तो उसळतोच, कारण त्यात पिष्ट असतं. पोह्यांत सापडलं होतं, तेच. पण हे दाजींना कोण सांगणार?

मग आईनं कामाला हात घातला. दुपारच्या वेळी परातीत तांदूळ पसरायचा, चष्मा लावायचा आणि ते वेगळे दाणे वेचून बाजूला काढायचे. शेजारच्या बायकाही आपापल्या परातींसकट येऊन बसू लागल्या. वेचलेले दाणे एका वाटीत जमायचे आणि संध्याकाळी ती वाटी चिमण्यांसाठी गच्चीवर जायची. आमच्या गल्लीतल्या चिमण्या त्या वर्षी फार तेजस्वी दिसत होत्या.

कारण ते दाणे प्लास्टिकचे नव्हते. तांदळाच्याच पिठात लोह, फॉलिक ॲसिड आणि बी-12 मिसळायचं, यंत्रातून पुन्हा दाण्याच्या आकाराचं काढायचं आणि 100 किलो तांदळात असे साधारण 1 किलो दाणे घालायचे, ही सरकारची योजना. रक्तात लोह कमी असलेल्या बाया-लेकरांना ते भातातूनच मिळावं म्हणून. 2021 च्या स्वातंत्र्यदिनी लाल किल्ल्यावरून ती जाहीर झाली आणि 2024 च्या मार्चपर्यंत देशभरच्या रेशनवर असा तांदूळ पोचवायचं ठरलं. तो जालन्यात पोचला. आमच्या स्वयंपाकघरापर्यंतही पोचला. शेवटच्या वीतभर अंतरावर आईनं त्याला अडवलं.

त्याच महिन्यात तिचं हिमोग्लोबिन तपासलं. कमी निघालं. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या लिहून दिल्या. ज्या गावातल्या कारखान्यांच्या सळयांवर निम्म्या मराठवाड्याचे स्लॅब उभे आहेत, त्या गावातल्या बाईच्या अंगात लोह नाही, आणि सरकारनं ताटात वाढलेलं ती चिमण्यांना घालते! मी हे आईला समजावून सांगितलं. ती म्हणाली, “लोखंड तांदळात कशाला घालतात मेले? दात पडतील.”

दाजींनी आपली बाजू सोडली नाही. “सरकार म्हणतंय म्हणून कसं मानायचं? बुलढाण्याचं काय झालं?” इथे मात्र माझी बोलती बंद झाली. 2025 च्या जानेवारीत बुलढाणा जिल्ह्यात, शेगाव तालुक्यातल्या गावांत लोकांचे केस अचानक मुळापासून गळू लागले होते. आमच्या भोकरदन-जाफराबादला लागूनचाच जिल्हा तो. आधी शाम्पूवर संशय, मग पाण्यावर. विंचूदंशावरच्या उपचारामुळे जगभर नाव झालेले महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर तिथे गेले, नमुने तपासून घेतले आणि रेशनच्या गव्हात जास्त झालेल्या सेलेनियमकडे बोट दाखवलं. सेलेनियम शरीराला लागतं, पण अगदी कणभर. जास्त झालं की केस आणि नखांवर येतं. डॉक्टर मूळचे आमच्याच जिल्ह्यातल्या देहेडचे, त्यामुळे गल्लीत त्या आठवड्यात सगळेच संशोधक झाले. जो भेटेल तो आधी नमस्कार करायचा आणि मग आपल्या डोक्याचे केस ओढून बघायचा. दाजी सर्वांत खूश. त्यांच्या डोक्यावरचं छप्पर राजीव गांधींच्या काळातच उडालंय. “बघा,” ते टकलावरून हात फिरवत म्हणाले, “मी म्हणत नव्हतो, यात माझा दोष नाही? गहू!”

एवढं सगळं तपासलं जायचं. हळद पाण्यात, चहा टिपकागदावर, तिखट ग्लासात, टरबुजावर कापूस. एकच डबा कधी उघडला गेला नाही. उपवासाचा.

“त्याची कसली परीक्षा?” दाजी म्हणायचे. “देवाचं आहे.”

नवरात्र आलं. आईचे नऊ दिवस, दाजींचे नऊ दिवस आणि सोवळ्यातल्या स्वयंपाकाचा वास आला की माझेही. बायकोनं भगरीचं बंद पाकीट आणायचं ठरवलं होतं. दाजींनी अडवलं. पाकिटातलं म्हणजे केमिकल, सुटं म्हणजे शुद्ध, हे त्यांचं जुनं सूत्र. शिवाय सुटी भगर किलोमागे स्वस्त. मोंढ्याच्या बाजूला एका दुकानात उघड्या पोत्यात भगर होती आणि तिचं तयार पीठही होतं. दळायचा त्रास नको म्हणून आईला पीठच हवं होतं. परवान्याचा 14 आकडी नंबर नाही, तारीख नाही, हिरवा ठिपका नाही. भिंग पिशवीतून बाहेरसुद्धा आलं नाही. दुकानदार म्हणाला, “उपासाचा माल हाय दाजी, त्यात खोटं नसतं.” दाजींनी मान डोलावली आणि दोन रुपये कमी करून घेतले.

त्या रात्री भगरीच्या भाकरी आणि शेंगदाण्याची आमटी. चव छान होती, हे मी आजही नाकारणार नाही. तासाभरात आधी आईला मळमळलं, मग मला चक्कर आली. दाजींचे हात थरथरू लागले तेव्हा त्यांना वाटलं, देवी अंगात येतेय. मेहुणीबाईंनी खरोखर हळदकुंकू आणलं. मग दाजींना उलटी झाली आणि देवी नसल्याचं स्पष्ट झालं.

दवाखान्यात गेलो तर अर्धी कॉलनी तिथे. सगळे उपवासाचे. भगर दमट हवेत राहिली की तिच्यावर ॲस्परजिलस जातीची बुरशी चढते आणि तिचं विष पोटात गेलं की उलट्या, चक्कर, थरथर सुरू होते. ऑक्टोबरची उष्ण-दमट हवा बुरशीला मानवते, आणि नवरात्र नेमकं तेव्हाच येतं. पीठ केलं की ते ओल लवकर धरतं. मराठवाड्यात दर वर्षी कुठे ना कुठे हे घडतं. 2024 च्या फेब्रुवारीत नांदेडच्या लोहा तालुक्यात एका धार्मिक कार्यक्रमाच्या प्रसादात भगर होती, तेव्हा हजाराहून जास्त माणसं दवाखान्यांत गेली होती. अन्न व औषध प्रशासन सणांच्या आधी पत्रकं काढून हे सांगत असतं. ती पत्रकं दाजींनी वाचली नव्हती. ते टरबुजाच्या इंजेक्शनचा व्हिडिओ बघत होते.

आईला सलाइन लावलं. तिनं नर्सला जवळ बोलावलं.

“बाई, यानं उपास मोडतो का?”

“नाही आजी. नुसतं मीठपाणी आहे.”

“मीठ कोणतं? सैंधव ना?”

शेजारच्या पलंगावर दाजी एका हाताला सुई, दुसऱ्या हातात भिंग, अशा अवस्थेत सलाइनच्या बाटलीवरची तारीख वाचत होते. भेटायला आलेले पाहुणे सफरचंदं घेऊन आले. मोसंबीला भौगोलिक मानांकन मिळवणारा जिल्हा हा, गावोगावच्या बागा मोसंबीच्या, पण दवाखान्यात माणूस जातो तो हजार मैलांवरून आलेलं, मेणानं चकाकणारं सफरचंद घेऊनच. मोसंबी नेली तर पाहुण्याची पत जाते.

घरी आल्यावर दाजींनी उरलेलं पीठ वाटीत काढलं आणि आयोडीनचे दोन थेंब टाकले. निळं पडलं. “स्टार्च!” ते क्षीण आवाजात म्हणाले. बुरशीबद्दल आयोडीन काही बोललं नाही. मग त्यांना कायदा आठवला. अन्न सुरक्षा कायद्याच्या कलम 40 प्रमाणे साध्या गिऱ्हाइकालाही फी भरून नमुना तपासून घेता येतो आणि विश्लेषकानं अहवाल 14 दिवसांत द्यायचा असतो. दाजी नमुना न्यायला पिशवी घेऊन उठले, तोवर मेहुणीबाईंनी पिठाचा डबा धुऊन, वाळवून त्यात साबुदाणा भरलाही होता. दुकानदाराला जाब विचारला तर तो म्हणाला, “माल तोच, गिऱ्हाईक बी तेच. औंदाच कसं काय बाधलं?” आणि पुढच्या गिऱ्हाइकाला अर्धा किलो तोलून दिली.

आता नवरात्र, एकादशी, महाशिवरात्र यांतलं जे काही तुमच्यापुढे येत असेल, त्याआधी एवढं करा. भगर बंद पाकिटातली घ्या, तारीख बघून घ्या, लागेल तेवढीच घ्या. पीठ विकतचं आणू नका. भगर निवडून, कोरडी करून घरीच दळा आणि ते पीठ साठवू नका. शंका आली तर अन्न व औषध प्रशासनाचा 1800-222-365 हा टोल-फ्री नंबर आहे, तो फिरवा. तुमच्या दाजींना फिरवू नका. आणि रेशनच्या तांदळात ते पिवळट, जाडसर दाणे दिसलेच, तर वेचू नका. सरकारनं न मागता काही जास्तीचं दिलंय, असं वारंवार होत नाही.